उलट्या गाभ्याचे दहा रुपये : गुहागर ते रत्नागिरी

दापोली, मुरुड, आंजर्ले यांवर पुष्कळांनी लिहिलं आहे, मी त्यात भर घालत नाही. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो, गुहागरला व्याडेश्वर, हेदवीला दशभुज गणपती, मग तवसाळहून जयगडला खाडी ओलांडली. जेवण सगळीकडे उत्तम, शनिवार-रविवारची गर्दी असह्य. लिहायचं आहे ते त्यापुढच्या एका गावात देवळाच्या वाटेवर मांडलेल्या टेबलाबद्दल.

कोकम सरबत आणि आंबावडीच्या दुकानांमध्ये हे जुन्या नाण्यांचं टेबल. त्यावर दहा रुपयांची नाणी, पिवळ्या कड्यातला पांढरा गाभा उलटा बसलेला, शेजारी ‘टांकसाळीची चूक’ अशी चिठ्ठी आणि किंमत पाच हजार. एक कुटुंब घासाघीस करत होतं. वडील मुलाला सांगत होते, “घेऊन ठेव, पुढे लाख येतील.” मला संताप आला, कारण असं नाणं टांकसाळीत तयार होऊच शकत नाही.

दहाच्या नाण्याचं कडं आणि गाभा छापखान्यात येतात तेव्हा दोन्ही कोरे असतात. कोरा गाभा कोऱ्या कड्यात बसतो आणि एकाच दाबात दोन्हींवर छाप उठते. त्याच दाबाने धातू पसरून ते एकमेकांत घट्ट अडकतात. गाभा उलटा पडला तरी कोऱ्या चकतीला उलटं-सुलटं नसतंच. म्हणजे कुणीतरी नंतर हातोडीने गाभा पाडून फिरवून ठोकलेला आहे. भिंगातून सांध्यावर ठोकल्याच्या खुणा दिसतात, गाभा किंचित वर किंवा खाली बसलेला असतो. खरी चूक वेगळी दिसते. गाभा आलाच नाही तर नुसत्या कड्यावर छाप बसते आणि मधे भोक राहतं. गाभा सरकून कड्यावर चढला तर तो तिथेच चेपला जातो, आणि छाप त्या चेपलेल्या भागावरूनही सलग जाते.

त्याच टेबलावर एक शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) ‘एरर’ म्हणून होती, कारण ‘श्री’ अर्धा बाहेर गेलेला. शिवराईचा ठसा बहुधा तांब्याच्या तुकड्याहून मोठा असायचा आणि घाव हाताने बसायचा. अक्षरं कापली जाणं हा तिचा नेहमीचाच चेहरा आहे. यंत्र दर वेळी तंतोतंत तेच करतं, म्हणूनच यंत्राच्या नाण्यात चुकीला किंमत येते.

डोकं शांत झालं ते रत्नागिरीच्या बाजारात. तिथल्या एका किराणा दुकानदार काकांना या विषयाचं खरं ज्ञान आहे. गिऱ्हाईक सांभाळत त्यांनी चहा पाजला आणि गल्ल्याखालची पेटी उघडली. एसटीचे वाहक, मासळीवाल्या, देवळाची दानपेटी, सगळ्यांची चिल्लर त्यांच्याकडे येते. “अहो, आधी कारखाना समजून घ्या, मग नाणं बघा,” ते म्हणाले. पुढचं बरंचसं त्या दुकानातलं आहे.

धातूच्या लांब पट्टीतून चकत्या कापतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पात्याचा घाव आधीच्या भोकावर पडतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखा चावा बसतो. पोळीतून वाटीने पुऱ्या कापताना वाटी आधीच्या भोकावर पडली की होतं, तेच. चकत्या तापवून मऊ करतात, धुतात आणि कड दाबून उचलतात. कड उचलताना चाव्याच्या जागी दाब मिळत नाही, त्यामुळे बरोबर समोरची कडही कच्ची राहते. कटपीस, म्हणजे असं चावा बसलेलं नाणं, घेताना आधी ही समोरची बाजू बघायची. कानशीने घासलेल्या खोट्या कटपीसमध्ये ती धडधाकट असते, आणि अक्षरं चाव्यापाशी पसरत जाण्याऐवजी सरळ तुटतात.

मग छपाई. खाली एक ठसा, वर एक, भोवती कॉलर नावाची पोलादी कडी. वेग मिनिटाला शेकडो नाण्यांचा, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. चकती नीट मधे आली नाही तर छाप एका अंगाला पडते, हे ऑफ-सेंटर. कॉलर धातूच्या कचऱ्याने खाली अडकली तर नाणं मोकळं पसरतं : व्यास जास्त, कडेवर दाते नाहीत, वजन मात्र बरोबर. ठशाच्या खोलगट रेषांत वंगण साचलं तर अक्षरं गायब होतात. अशा नाण्याला फार किंमत नसते, पण बाजारात तेच सगळ्यात जास्त.

सर्वांत देखणी चूक ब्रोकेजची, व्यापारी तिला लखी म्हणतात. छापलेलं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्याखाली येते. तिच्या एका बाजूला नेहमीची छाप उठते. दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याची तीच प्रतिमा, पण खोलगट आणि आरशातल्यासारखी उलटी. पहिली लखी सगळ्यात रेखीव. पुढच्या प्रत्येक घावाला चिकटलेलं नाणं पसरत जातं आणि चित्र मोठं व धूसर होतं, म्हणून भाव रेखीवपणावर ठरतो. शेगड्यात (व्हाइसमध्ये) दोन नाणी दाबून बनवलेल्या खोट्या लखीची मागची बाजू चपटी झालेली असते, खरीची टवटवीत.

काकांची पेटी बघताना एक गोष्ट लक्षात येते : निम्मी छाप बाहेर गेलेली नाणी मोजकी, लखी आणि ठसा फिरलेली (एक बाजू दुसरीच्या मानाने तिरकी) त्याहून पुष्कळ. कारण टांकसाळीतल्या चाळण्या आणि मोजणीची यंत्रं आकार बघतात. वेडंवाकडं पसरलेलं नाणं अडकतं आणि वितळायला जातं. लखी कॉलरमध्ये छापली गेली तर व्यास बरोबर असतो, म्हणून ती पोत्यात शिरते. पोतं रिझर्व्ह बँकेकडे, तिथून करन्सी चेस्ट किंवा छोट्या नाण्यांच्या डेपोत, मग शाखेत आणि गल्ल्यात.

चुकीच्या चकतीवर पडलेली छापही अशीच निसटते. आधीच्या कामाची एखादी लहान चकती टबाच्या कोपऱ्यात राहते आणि मोठ्या ठशाखाली जाते. २०११ च्या मालिकेत एक रुपया २१.९३ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅमचा, दोन रुपये २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचे. दोनाची छाप, कडेची अक्षरं कापलेली आणि वजन ३.७९ भरलं, तर दावा विचारात घेण्यासारखा. म्हणून ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि दहापट भिंग घेतल्याशिवाय अशी खरेदी करूच नये. त्याच मालिकेतलं दहाचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं, हेही लक्षात ठेवावं.

किमतींबद्दल मोबाइलवर फिरणाऱ्या लाखांच्या जाहिराती बघून माणसं काकांच्या दुकानात धावत येतात, आणि ते प्रत्येकाला तेवढ्याच शांतपणे समजावतात. त्यांच्या त्या धीराबद्दल मला फार आदर वाटला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सावध केलं होतं : बँकेचं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी कुणी शुल्क किंवा कमिशन मागत असेल तर देऊ नका.

समुद्रकाठी नाणी फार लवकर डागाळतात. खारी हवा आणि मासळीचं पाणी स्टीलवरही ठिपके पाडतं. चिंच किंवा राख लावून चकाकवलेलं नाणं संग्राहक घेत नाही; साध्या पाण्याने धुवावं, टिपून कोरडं करावं, बास.

नाणी शोधायची असतील तर काकांचा सल्ला असा : बँकेतून आलेलं नवं पाकीट फोडताना सगळी नाणी सिंहांची बाजू वर आणि सिंह सरळ उभे दिसतील अशी मांडा आणि एकेक वरून खाली उलटं न करता आडवं फिरवा. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला सरळ असतात, त्यामुळे ठसा फिरलेलं नाणं लगेच तिरकं दिसतं. एक सापडलं तर पाकीट मिसळू नका. ठसा सैल झाल्यावर यंत्र थांबेपर्यंत शेकडो नाणी तशीच निघतात, आणि ती बहुधा त्याच पाकिटात असतात.