गीता कुठंच नव्हती

सकाळी साडेदहाला साताऱ्याच्या कोर्टात पोचलो, नंबर लागला पावणेतीनला. गेल्या महिन्यात राजवाड्याजवळ एका आजींची बोरमाळ हिसकावून पळालेलं पोरगं मी बघितलं, एवढाच माझा संबंध.

पोलिसांनी तेव्हा जबाब घेतलाच होता, पण त्यावर साक्षीदाराची सही घेत नाहीत म्हणे. आजचा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा, खटला उभा राहण्याआधीचा. कलम १८३, नवीन नागरिक सुरक्षा संहितेतलं. बाहेर बाकावरचे सगळे मात्र अजून जुन्या कायद्यातल्या कलमाच्या नंबरानं ‘एकशे चौसष्टचा जबाब’च म्हणत होते.

पिक्चरमुळं गीतेवर हात ठेवायची तयारी करून गेलेलो. गीताबिता काही नाही. ईश्वराची शपथ घेता की नुसतं प्रतिज्ञेवर सांगता, एवढंच विचारलं. शपथ घेतली आणि घसा कोरडा पडला.

“शर्टाचा रंग?”

“विटकरी.”

टायपिस्टनं ‘लाल’ मारलं. वाचून दाखवलं तेव्हा म्हटलं, “साहेब, विटकरी म्हणालो मी.” साहेबांनी लगेच दुरुस्त करायला लावलं. मग सही.

संध्याकाळी दोरीवर वाळणारा माझाच एक शर्ट दिसला. लाल म्हणावा की विटकरी? बराच वेळ बघत उभा राहिलो. बायको म्हणाली, “आत घ्या तो, नुसतं बघताय काय!”