वजा कुणाचं?

स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर बरेच जण सहली आणि स्नेहसंमेलनं आठवतील. मला आमच्या गणिताच्या सरांचा एक प्रश्न आठवतो: "वजा कुणाचं?" आमच्या तुकडीतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, पाठ असेल.

विस्तार सूत्रं सुरू करताना सर फळ्यावर शेजारी शेजारी −३² आणि (−३)² लिहीत. दोन्हींचं उत्तर नऊ, असा वर्ग एका सुरात ओरडायचा. मग तो प्रश्न यायचा. पहिल्यात वर्ग एकट्या तीनचा, वजा बाहेरच उभं, म्हणून −९. दुसऱ्यात वजाही कंसात, त्यामुळे त्याचाही वर्ग होतो आणि उत्तर ९ येतं.

(अ − ब)² = अ² − २अब + ब² हे सूत्र आम्ही घोकायच्या आधीच सरांनी पुठ्ठा आणला. १० सेंमी बाजूचा चौरस. उजव्या कडेला २ सेंमी रुंदीची पट्टी आखली, खालच्या कडेला तेवढीच. एकेक पट्टी २० चौरस सेंमी. "शंभरातून दोनदा वीस गेले, उरले किती?" साठ. मग दोन्ही पट्ट्या कापून उरलेला तुकडा त्यांनी मोजायला दिला, तर तो ८ बाय ८, म्हणजे ६४! जास्तीचे चार आले कुठून, यावर वर्गात बरीच खडाजंगी झाली. कोपऱ्यातला २ बाय २ चा तुकडा दोन्ही पट्ट्यांत धरला गेला होता. दोनदा वजा झाला, म्हणून एकदा परत मिळवायचा. सूत्राच्या शेवटचा + ब² तो हाच. ऋण गुणिले ऋण धन हा नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहून ठेवला आहे, हेही सर सांगत. पण आम्हाला पटलं ते पुठ्ठ्यामुळे. त्यानंतर ९८ चा वर्ग तोंडी यायला लागला: १०००० − ४०० + ४, म्हणजे ९६०४.

खरी गोची कंसाबाहेरच्या वजाची. क्ष² − (क्ष − ३)² दिलं की भलेभले लिहीत: क्ष² − क्ष² − ६क्ष + ९. सूत्र बरोबर, पण बाहेरचं वजा पहिल्या पदाला लागलं आणि पुढची दोन पदं सुटली. सरांचा दंडक असा, की आधी वर्ग करा पण कंस मोडू नका: क्ष² − (क्ष² − ६क्ष + ९). चिन्हं पुढच्या ओळीत बदला. मग ६क्ष − ९ येतं. मधली ओळ गाळली तर उत्तर बरोबर असूनही गुण कापत. तेव्हा हा शुद्ध जाच वाटायचा. आज मला ती ओळ सूत्राहून मोलाची वाटते.

त्यावर ताळा हवाच. क्ष = ३ ठेवलं की मूळ राशी ९, उत्तरही १८ − ९ = ९; चुकलेला विस्तार मात्र −९ देतो. ताळ्यासाठी क्षला शून्य देऊ देत नसत, कारण शून्य क्षच्या पदांतल्या सगळ्या चुका पोटात घालतं.

(−अ − ब)² पाहून आम्ही दचकायचो. सर म्हणत, वजा दोघांचंही आहे ना? मग सामाईक काढा, त्याचा वर्ग एक, उरलं (अ + ब)². त्याच न्यायाने (अ − ब)² आणि (ब − अ)² एकच.

पुढे नोकरीत गंमत कळली. एक्सेलमध्ये =−३^२ लिहिलं की ९ मिळतात, कारण तिथे वजा आधी तीनला चिकटतं आणि मग वर्ग होतो. पायथॉन या संगणकाच्या भाषेत −३**२ चं उत्तर −९, सरांच्या फळ्यावरचंच. मी दोन्हीकडे कंस घालूनच लिहितो. बरोबरीच्या तरुण मुलांना तो कंस फाजील वाटतो. वाटू दे.