माझी भरती, वहिनीची गळती

जर्मनीत एचआरमध्ये आहे म्हटलं की बडोद्यातले नातेवाईक हमखास विचारतात, म्हणजे लोकांना काढायचं काम ना? अहो काढायचं कुठलं, माणसं मिळत नाहीयेत! मी कोलोनजवळच्या एका मशिनरी कंपनीत आहे, फार मोठी नाही, आणि आमचे सीएनसीवाले (कंप्युटरवर चालणाऱ्या मशिनवरचे), वेल्डर, मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन बरेचसे साठीला टेकलेत. युद्धानंतर जी भरमसाठ पोरं जन्मली ती पिढी आता एकदम रिटायर होतेय आणि खालून तेवढी पोरं येतच नाहीयेत.

आणि तिकडे माझी वहिनी, बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एचआर बघते. तिचं रडगाणं बरोब्बर उलटं, पोरं भरपूर, पण टिकत नाहीत. आयटीआयचा मुलगा घ्यायचा, शिकवायचं, हात बसला की तो जवळच्या सावली नाहीतर हालोल गावातल्या कारखान्यात दोन-तीन हजार जास्त मिळतात म्हणून पळतो, आणि त्यातला जो जरा जास्त हुशार तो तिच्या टेबलाशी येऊन म्हणतो, "बेन, मारे जर्मनी जवानुं छे," मला जर्मनीला जायचंय. वहिनी मला फोनवर म्हणते, "अगं, मी तयार करायचे आणि तू उचलायचेस!" हसत म्हणते, पण हसण्यात फार हसू नसतं.

खरंय तिचं. जर्मन सरकारने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय कुशल कामगारांसाठी दरवर्षी द्यायचे व्हिसा 20,000 वरून 90,000 करायचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे खूश, आणि त्याच संध्याकाळी वहिनीचा मेसेज, आता काय करू ते सांग. मला काही अपराधी वगैरे वाटत नाही, त्या पोराचा हक्क आहे कुठेही जायचा. पण शिकवायचा खर्च एका गावात आणि फायदा दुसऱ्या खंडात, हा हिशोब कुठल्याच मीटिंगमध्ये निघत नाही हे मला खटकतं.

त्यात एजंट पोरांना सांगतात तेवढं सोपं तर अजिबातच नाहीये. इथल्या कामगाराचं ट्रेनिंग बहुतेक ट्रेडमध्ये तीन ते साडेतीन वर्षांचं, आपल्या आयटीआयचं बहुतेक एक ते दोन वर्षांचं, त्यामुळे सर्टिफिकेट तपासून बऱ्याचदा अर्धीच मान्यता मिळते आणि उरलेलं इथे येऊन भरून काढावं लागतं. आणि जर्मन भाषा! इंग्लिश येते म्हणून शॉपफ्लोअरवर भागत नाही, सेफ्टीच्या सूचना फोरमन जर्मनमध्येच ओरडतो.

शिवाय मी एकटी काही ठरवू शकत नाही. इथे कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ असतं, बेट्रीब्सराट म्हणतात. वीसच्या वर माणसं असलेल्या कंपनीत कुणालाही घ्यायचं तर कागद आधी त्यांच्याकडे, त्यांना आठवडा मिळतो हरकत घ्यायला. काढायचं असलं तर त्यांचं म्हणणं न ऐकता दिलेली नोटीस कायद्याने बादच. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. आता वाटतं बरंय, निदान शेठच्या मूडवर तरी काही चालत नाही.

वहिनीपुढचं ताजं संकट म्हणजे चार लेबर कोड, म्हणजे भारतातले नवे कामगार कायदे, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू. बेसिक आणि डीए मिळून एकूण पगाराच्या निम्मे तरी धरायचे, म्हणजे भत्ते फुगवून बेसिक छोटा ठेवायची जुनी युक्ती संपली. सगळ्या पगाराच्या स्लिपा नव्याने मांडायच्या, आणि जो तो विचारतो हातात किती येणार. पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच कापत असतील तर हातातलं कमी होत नाही, हे ती दिवसभर समजावत बसते. वर नोकरी सोडणाऱ्याचा पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घेतलेल्याला, एका वर्षावरही ग्रॅच्युइटी, ही गोष्ट मात्र मला आवडली.

एआयचं म्हणाल तर दोघींकडे सारखीच गंमत, सगळ्यांचे अर्ज चॅटजीपीटीने लिहिलेले, सगळेच "उत्साही टीम प्लेयर". वहिनीला कुणीतरी इंटरव्ह्यूत चेहरा बघून माणूस खरा की खोटा सांगणारं सॉफ्टवेअर विकायला आलं होतं. मी म्हटलं, युरोपात कामाच्या ठिकाणी भावना ओळखणारं असलं काही वापरायला 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदी आहे, वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण असेल तरच सूट. तिने त्याला चहा पाजून परत पाठवला. (नवरात्रात सकाळच्या शिफ्टला कोण येणार हे सांगणारं सॉफ्टवेअर आणलं असतंस तर घेतलं असतं, असंही म्हणाली.)

मग मागच्या महिन्यात तिने एक वेगळीच टूम काढली. कारखान्यातच संध्याकाळी जर्मनचा क्लास लावायचा, फी कंपनी भरणार, पण पोराने तीन वर्षं टिकून खाली दोन नवे ऑपरेटर तयार करायचे, मग खुशाल जा. जाणारच आहेत तर निदान सांगून आणि शिकवून जातील, असं तिचं गणित. मी आमच्या बॉसला विचारलं, अर्धी फी आपण उचलायची का, शेवटी माणूस आपल्याकडेच येणार. तो म्हणाला कल्पना चांगली आहे, बेट्रीब्सराटशी बोलू. तिकडे शेठ म्हणाले, आपल्याच पैशाने आपलीच माणसं पाठवायची? कागद सध्या दोन्हीकडे पडून आहे, आणि क्लासला नावं द्यायला मात्र पोरं वहिनीच्या केबिनबाहेर उभी.