मांडीवरचं बाळ आणि कायद्यातला एक ‘किंवा’

पार्किंगमध्ये गाडीचं मागचं दार उघडलं की सोसायटीतलं कुणी ना कुणी विचारतंच, “ही मुलांची सीट खरंच कायद्याने लागते का हो?” बारशाला विचारतात, डोहाळजेवणाला विचारतात. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं. त्यांची सून पुढच्या महिन्यात बाळंत व्हायची आहे. लिफ्ट तळमजल्यावर आली आणि उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

हो, लागते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा १९४ ब हे कलम आलं. त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून ते लागू आहे. चौदा वर्षं पूर्ण न झालेलं मूल सीटबेल्टने किंवा मुलांसाठीच्या सीटने बांधलेलं नसेल, तर १,००० रुपये दंड. हा दंड गाडी चालवणाऱ्याला आहे आणि तशी गाडी चालवू देणाऱ्यालाही आहे. म्हणजे नात आजीच्या मांडीवर बसलेली असली, तरी कायदा जाब विचारणार तो स्टिअरिंगवर बसलेल्या बापाला. मांडी या कलमात कुठेच बसत नाही.

माझा जीव मात्र त्या मधल्या ‘किंवा’मध्ये अडकतो. चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट लावला, तर कायदा पाळला गेला, पावती फाटणार नाही. पण तो बेल्ट बेतलाय मोठ्या माणसाच्या अंगाला. तुमच्याआमच्या कमरेवरून जाणारा पट्टा खुब्याच्या हाडाला अडतो. लहान मुलाचं ते हाड अजून नीट भरलेलं नसतं, त्यामुळे पट्टा वर सरकून मऊ पोटावर येतो. खांद्याचा पट्टा गळ्याला घासतो, म्हणून मूल तो हळूच पाठीमागे टाकतं. आरशात पाहिलं तर बेल्ट लावलेला दिसतो, पण मूल फक्त पोटाशी बांधलेलं असतं. माझ्या लेकीने हे कितीदा केलंय!

ही लेक दहा महिन्यांची असताना माझ्याही मांडीवरच असायची. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे पुढचा ट्रक अचानक थांबला आणि ह्यांनी करकचून ब्रेक मारला. वेग फार नव्हता, धडकही झाली नाही. मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. तरी ती हातातून निसटली आणि तिचं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आदळलं. नुसतं टेंगूळ आलं, संध्याकाळपर्यंत ओसरलंही. पण हात घट्ट मिटलेले आणि मांडी रिकामी, हे मी अजून विसरलेले नाही.

घरी आल्यावर आम्ही कागदावर हिशेब मांडला. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. या वेगातली गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरभरात थांबली, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. तेव्हा लेक नऊ किलोची होती, म्हणजे १८० किलो. पन्नास किलोच्या तांदळाच्या साडेतीन पोत्यांहून जास्त. कुठल्या आईच्या हातांना हे पेलेल? आणि दोघांना मिळून एकच बेल्ट लावला, तर आईचं सगळं वजन बाळावर येतं. त्या आठवड्यातच सीट आणली.

आता काकूंच्या सुनेचं. तान्ह्या बाळाला पाठमोरी सीट हवी, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या लांबीच्या चौथाईएवढं असतं आणि मान अगदी कोवळी. तोंड पुढे असेल तर ब्रेक लागल्यावर त्या डोक्याचा सगळा भार मानेवर येतो. पाठमोरं असेल तर तो अख्ख्या पाठीवर पसरतो. युरोपच्या नव्या मानकात, म्हणजे आर १२९ मध्ये, किमान पंधरा महिन्यांपर्यंत मूल पाठमोरंच बसवायचं असतं. ही सीट मागेच लावायची. पुढे चालू एअरबॅगसमोर कधीही नाही, कारण ती फुगताना सरळ बाळाच्या डोक्यामागे आदळते. “पाय दुमडतात हो त्याचे,” असं आज्या म्हणतात. दुमडू द्यात, मुलं घरीही तशीच बसतात.

सीटवर आपल्याकडचं मानक एआयएस ०७२ किंवा युरोपचं आर ४४, आर १२९ यांपैकी काहीतरी लिहिलेलं असायला हवं. ओळखीतून आलेली वापरलेली सीट घेताना तिला अपघात झालाय का, हे विचारा. खात्रीचं उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

आणखी एक. प्रसूतिगृहातून बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळून हातात देतात. तसंच सीटमध्ये ठेवलं तर पायांमधून येणारा पट्टा लावताच येत नाही. आधी हातपाय मोकळे करायचे, पट्टे लावायचे, खांद्यापाशी पट्ट्याची चिमटी निघत नाही हे पाहायचं आणि मग वरून दुपटं घालायचं. थंडीतल्या जाड स्वेटरचंही तसंच.

दुचाकीचंही बरेच जण विचारतात. फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा हार्नेस हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट हवं आणि वेग ताशी चाळीसच्या आत.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर मुंबई पोलिसांनी मागच्या बेल्टचं मनावर घेतलं आणि लोकही मला जास्त विचारू लागले. पण प्रश्न बहुतेक वेळा दंडाचाच असतो, “पकडतात का?” मला हा प्रश्न ऐकून वाईट वाटतं.

ज्यांच्या लेकी परदेशी आहेत त्यांना तिथे गेल्यावर कळतं, की कायदा सेंटिमीटरमध्येही लिहिता येतो. ब्रिटनमध्ये मूल बारा वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याच्यासाठीची सीट लागते. जर्मनीत बारा वर्षं किंवा १५० सेंटिमीटर. ‘किंवा’ त्यांच्याकडेही आहे, पण तो मुलाच्या अंगाची मोजणी करून आलेला आहे. आपल्या कलमात उंचीचं नाव नाही, म्हणून ती मीच स्वयंपाकघराच्या चौकटीवर लिहून ठेवलीय. १३५ वर लाल पेन्सिलीची रेघ आहे. लेक आता नऊ वर्षांची, गेल्या रविवारी १२९ भरली. अजून बूस्टरवर, म्हणजे मोठ्यांचा बेल्ट नीट बसावा म्हणून उंच करणाऱ्या बैठकीवर बसते, कुरकुरते, तरी बसते. खाली गाडीत दिसते ती मुलांची सीट धाकट्याची.

काकू, तुमची सीट बाळ यायच्या आधीच गाडीत बसवून घेऊ. गाडीचं पुस्तक आणि सीटचं पुस्तक, दोन्ही घेऊन खाली या. घरातली एखादी बाहुलीही आणा, तिला पट्टे लावून बघू. रविवारी सकाळी मी पार्किंगमध्येच आहे.