चौथी शक्यता

संभाव्यतेच्या उदाहरणांमधलं जग फार सुटसुटीत असतं. तिथे एक पिशवी असते आणि पिशवीत तीन लाल, पाच निळे आणि दोन पांढरे चेंडू असतात. ते कोणी भरले, कशासाठी भरले, कोणी विचारत नाही. पिशवीत हात घालणारा माणूस इतका सज्जन की चुकूनही आत डोकावत नाही. पत्ते कायम नीट पिसलेले असतात, आणि उडवलेलं नाणं कपाटाखाली गेलं असं तिथे कधी होत नाही. गणिताच्या पुस्तकातली बाकीची माणसं बिचारी कष्टाळू. हौद भरतात, भिंती बांधतात, समोरासमोरून आगगाड्या हाकतात. या एका प्रकरणात मात्र सगळे खुशाल पत्ते कुटत बसतात, फासे टाकतात, आणि वर त्यांना पूर्ण गुण.

बहिणीची मुलगी दहावीत गेली तेव्हा या प्रकरणाशी माझी पुन्हा गाठ पडली. संभाव्यता आणि सांख्यिकी हे बहुतेक पुस्तकाच्या शेवटाला येतात. तोवर शिकवणारे आणि शिकणारे दोघेही दमलेले असतात, त्यामुळे ‘सोपं आहे, घरी सोडवा’ एवढ्यावर बोळवण होते. सोपं तर खरंच असतं. एक भागाकार, फार तर एक गुणाकार. अडतं ते मोजण्यापाशी, आणि त्याच्याही आधी नेमकं काय मोजायचं ते ठरवण्यापाशी. द्विघात समीकरणाची मुळं काय येतील याबद्दल कोणाचं आधीपासून काही मत नसतं. संभाव्यतेचं उदाहरण मात्र वाचून संपायच्या आत उत्तर डोक्यात येऊन बसलेलं असतं. आणि एकदा बसलं की उठता उठत नाही.

दोन नाणी एकाच वेळी उडवली, तर किमान एक छापा येण्याची संभाव्यता किती? तिने वही न उघडताच सांगितलं, दोन तृतीयांश. दोन छापे, एक छापा एक काटा, किंवा दोन काटे. तीन शक्यता, त्यातल्या दोन कामाच्या. मी म्हटलं, छाछा, छाका, काछा आणि काका अशा चार लिही. काकांना हसून झाल्यावर तिने मुद्द्याचं विचारलं, “मावशी, पण दोन्ही नाणी सारखीच आहेत ना? मग छाका आणि काछा वेगळे कसे?”

प्रश्न रास्त आहे. नाणी आपल्याला सारखी दिसतात, पण नाण्यांना त्याचं काय! एक लाल रंगवलं आणि एक निळं, तर चार शक्यता तिलाही मान्य होत्या. मग रंग पुसला म्हणून नाणी वेगळी पडायला लागतील का? यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि तीन चतुर्थांश लिहून पुढच्या उदाहरणाकडे गेली. दालांबेर हा अठराव्या शतकातला नामांकित फ्रेंच गणिती. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात ‘छापा की काटा’ या नोंदीत त्यानेही दोन तृतीयांशच लिहून ठेवलं आहे. त्याची वाट जरा निराळी होती. पहिल्याच फेकीत छापा आला तर काम झालं, पुढे उडवायचंच कशाला? नाहीतर मग काटा-छापा किंवा काटा-काटा. झाल्या तीन शक्यता. फक्त त्यातली पहिली बाकी दोघींपैकी प्रत्येकीच्या दुप्पट वजनाची आहे, हे त्याच्या नजरेतून निसटलं. तेव्हा दहावीतल्या मुलांना या उदाहरणावरून कोणी रागावू नये असं मला वाटतं.

दोन फाशांच्या उदाहरणांना मी तिला आधी चौकटी आखायला लावते. सहा आडव्या, सहा उभ्या, छत्तीस घरं, प्रत्येक घरात बेरीज. मुलांना याचा कंटाळा येतो, कारण नमुना अवकाशात, म्हणजे सगळ्या शक्यतांच्या यादीत, छत्तीस घटक आहेत हे त्यांना पाठ असतं. पण घरं भरताना हाताला जे कळतं ते पाठांतराने कळत नाही. सात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरके ओळीने उतरत जातात, सहा घरं. त्यांच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच घरं, मग चार-चार, आणि दोन टोकांना एकेकटे दोन आणि बारा. अकराला दोन घरं, बाराला एक. दोन फाशांवर अकरा आणि बारा सारख्याच सहजतेने पडतात असं लायब्निझसारख्या थोर जर्मन गणितीने लिहिलं होतं. छत्तीस घरं आखायचा त्याला बहुधा कंटाळा आला असावा.

तीन फासे घेतले की मजा आणखी वाढते. बेरीज ९ कोणत्या आकड्यांनी होते ते मांडलं तर सहा प्रकार निघतात: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. बेरीज १० चेही सहाच. म्हणजे दोन्ही सारख्याच वेळा पडायला हव्यात. पण १० जास्त वेळा पडतो असा सराईत जुगाऱ्यांचा अनुभव होता, आणि त्याचं कारण गॅलिलिओने मांडून दाखवलं. १-२-६ तीन फाशांवर सहा तऱ्हांनी पडू शकतं, १-४-४ तीन तऱ्हांनी, ३-३-३ मात्र एकाच. अशी नीट बेरीज केली तर ९ च्या वाट्याला २१६ पैकी २५ येतात आणि १० च्या वाट्याला २७. फरक टक्क्याहूनही कमी. मला गॅलिलिओपेक्षा त्या जुगाऱ्यांचं नवल वाटतं. एवढासा फरक नुसत्या खेळून खेळून लक्षात यायचा तर किती वेळा फासे टाकले असतील! सराव सराव म्हणतात तो हा.

‘किमान एक’ असं दिसलं की उलट बाजूने शिरायचं, ही युक्ती तिला मनापासून आवडली. एक फासा चार वेळा टाकला, किमान एकदा सहा पडण्याची संभाव्यता किती? सरळ मोजायला गेलं तर एकदा पडेल, दोनदा पडेल, कोणत्या वेळी पडेल, असा पसारा होतो. त्यापेक्षा एकदाही न पडण्याचं काढावं. १२९६ पैकी ६२५. उरले ६७१, म्हणजे निम्म्याहून जरासे जास्त. आता दोन फासे २४ वेळा टाका आणि दोन्हींवर सहा एकदम यायची वाट बघा. सहाला चार, तर छत्तीसला चोवीस. त्रैराशिक चोख बसतं, पण संभाव्यता येते ०.४९, म्हणजे निम्म्याहून कमी. या कोड्याने शेवालिए द मेरे नावाचा एक उमराव वैतागला होता. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितींमध्ये जी पत्रं गेली-आली, त्यांत त्याचा हा वैताग आला आहे. आज शाळेत जे शिकवतात त्याची सुरुवात त्या पत्रांपासून धरतात.

सगळ्यात मोठं भांडण मात्र त्या पिशवीवरून झालं. तीन लाल, बाकी सात दुसऱ्या रंगांचे. एक चेंडू काढला, न बघता बाजूला ठेवला, मग दुसरा काढला. दुसरा लाल असण्याची संभाव्यता किती? ती म्हणाली, पहिला कोणता निघाला ते सांग, मग सांगते. ते माहीत नाही, हेच तर उदाहरण आहे. मग हिशेब मांडला. पहिला लाल असेल तर ३/१० गुणिले २/९, नसेल तर ७/१० गुणिले ३/९. नव्वदांश सहा अधिक नव्वदांश एकवीस. सत्तावीस नव्वदांश, म्हणजे पुन्हा ३/१०. “असं कसं? एक चेंडू तर कमी झाला!” झाला, पण कोणता झाला ते आपल्याला कुठे माहीत आहे? तिने तो हिशेब पुन्हा केला, उत्तर तेच आलं, आणि तिचा चेहरा काही सुधारला नाही. मला ते बरं वाटलं. पटलं नाही तरी उत्तर टिकतं, हे अशा वेळीच दिसतं.

संभाव्यता आणि सांख्यिकी शेजारी शेजारी का, असं मुलं कधीकधी विचारतात. वनपर्वातल्या नलाच्या गोष्टीत ही जोडी फार जुनी आहे. ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या दोन फांद्यांवरची पानं आणि फळं किती ते सांगतो. फळं २०९५. नल रथ थांबवतो, झाडाखाली जाऊन मोजतो, आकडा बरोबर निघतो. राजा म्हणतो, मला फाशांचं मर्म ठाऊक आहे आणि मोजणीही येते. त्या काळचे फासे बेहड्याच्या फळांचेच असत. राजाने कोणती पद्धत वापरली ते गोष्टीत नाही. परीक्षेत असती तर त्याचे गुण कापले असते.

सांख्यिकीत जुगाराची चैन नाही. तिथे सारणी असते. आता ही घ्या. एका चाचणीत ५० मुलांचे गुण: २० ते ३० मध्ये ६ मुलं, पुढच्या वर्गात, म्हणजे ३० ते ४० मध्ये, १२, ४० ते ५० मध्ये १२, मग १४, आणि ६० ते ७० मध्ये ६. मध्यक म्हणजे मुलं गुणांच्या क्रमाने उभी केली तर मधोमध येणारे गुण. ते काढायचं सूत्र मुलं घोकतात आणि ऐन वेळी संचयी वारंवारता, म्हणजे त्या वर्गापर्यंतच्या मुलांची बेरीज, कुठल्या ओळीची घ्यायची ते विसरतात. सूत्राशिवायही जमतं. पन्नासाचा निम्मा पंचविसावा. ४० च्या आत १८ संपले, म्हणजे या वर्गातल्या १२ पैकी ७ ओलांडायचे. वर्गाची रुंदी १०, तिचे सात बारांश ५.८३. मध्यक ४५.८३. यात एक गोष्ट गुपचूप मानलेली आहे: ते १२ जण वर्गात सारख्या अंतराने उभे आहेत. बारापैकी प्रत्येकाला ४१ मिळालेले असले तरी सूत्र ४५.८३ च सांगणार. हे शिकवताना एका वाक्यात सांगून टाकावं.

माझं आवडतं काम गृहीतमध्य पद्धतीचं. मध्य, म्हणजे सरासरी, काढायचा, आणि त्यासाठी आधी मध्यच मनाने ठरवून टाकायचा. ४५ धरला. प्रत्येक वर्गाच्या मधल्या आकड्यातून (२५, ३५ असे) ४५ वजा, त्याला वारंवारतेने, म्हणजे त्या वर्गातल्या मुलांच्या संख्येने, गुणा. उणे १२०, पुन्हा उणे १२०, शून्य, १४०, १२०. बेरीज २०, भागिले ५०, शून्य दशांश चार. मध्य ४५.४. आपला अंदाज कितीने हुकला तेवढंच काय ते मोजायचं. तिला वाटलं, आपण ४५ अचूक धरला म्हणून जमलं, ५५ धरला असता तर उत्तर बिघडलं असतं. ५५ धरून पाहिलं, नाही बिघडलं. मग शून्य. तेव्हाही नाही, फक्त गुणाकार मोठे झाले. शेवटी तिने मला खोटं पाडायच्या इरेला पेटून चक्क १००० धरला. पानभर उणे चिन्हं झाली, बेरीज आली उणे ४७,७३०, आणि पन्नासाने भागून हजारातून वजा केल्यावर वहीच्या तळाला ४५.४. “आता दहा लाख धरते,” असं म्हणून तिने पान उलटलं.