हॅशचा लॉग, आठवडा 7: खालचा थर एकदाचा अख्खा सुटला

सात आठवडे झाले, दर शनिवार-रविवार हॅश (बटाट्याच्या फोडी तव्यात खरपूस करून त्यावर अंडी) चालूच आहे, कधी सकाळी कधी रात्रीच्या जेवणाला, आणि या रविवारी पहिल्यांदा उलथनं खाली सरकवलं तर अख्खा थर एका झटक्यात सुटून आला, तपकिरी, कडक, आतला बटाटा मऊ. इतका आनंद झाला की अंडी फोडायचं राहूनच गेलं थोडा वेळ.

पहिले तीन आठवडे कच्च्या फोडी थेट तव्यात टाकत होतो. बाहेरून करपायच्या, आतून कचकच लागायच्या, आणि झाकण ठेवलं की वाफेने सगळा लगदा. मग डोक्यात आलं की बटाट्यात जवळपास 80 टक्के पाणी असतं, फोडीच्या वरच्या भागात पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या आसपासच अडकतं आणि खरपूस रंग तर साधारण 140 च्या पुढे धरायला लागतो. म्हणजे तव्यात जायच्या आधीच फोडी शिजलेल्या आणि कोरड्या हव्यात.

चौथ्या आठवड्यापासून आधी उकडायला लागलो. साधारण 1 सेंटिमीटरच्या फोडी, गार पाण्यात मीठ घालून चढवायच्या, सुरी जेमतेम शिरली की उतरवायच्या. पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं तर फोडी फुटत नाहीत, कारण फोड धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात हळू विरघळतं. चिमूटभर खायचा सोडा घातला तर बरोबर उलटं, कडा भुसभुशीत होतात आणि त्या पिठूळ कडा तेलात मस्त कडक होतात. मी दोन्ही करून पाहिलं (वेगवेगळ्या दिवशी, एकत्र घालू नका, एकमेकांना मारतात). मला सोडा जास्त आवडला पण हात जपून, जास्त पडला तर साबणासारखी चव येते.

खरा फरक मात्र सहाव्या आठवड्यात पडला. उकडलेल्या फोडी निथळून ताटात पसरल्या, वाफ जाऊ दिली आणि रात्रभर फ्रीजमध्ये उघड्याच ठेवल्या. गार झाल्यावर स्टार्च परत घट्ट होतो, वरचं पाणीही उडतं, मग परतताना फोड मोडत नाही. हे उकडलेल्याबद्दल हं, कच्चे बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका, त्यांच्यात साखर वाढते आणि तव्यात शिजायच्या आधीच काळे पडतात.

तवा बिडाचा, चांगला तापलेला, 500 ग्रॅम बटाट्याला दोन मोठे चमचे तेल, फोडी एकाच थरात. आणि मग हात लावायचा नाही. पाच-सहा मिनिटं अजिबात नाही! माझा हात सारखा उलथन्याकडे जायचा, म्हणून आता टायमर लावतो. आवाज ऐका, आधी चर्रर्र असा ओला आवाज येतो, पाणी संपत आलं की तो बारीक होतो, तेव्हा उलटायचं.

कांदा आणि ढोबळी मिरची वेगळी परतून शेवटी मिसळतो, दोन्हींना पाणी सुटतं आणि सगळी मेहनत वाया जाते. उरलेलं रोस्ट चिकन किंवा कॉर्न्ड बीफ (मिठात मुरवलेलं गोमांस) असेल तर तेही बारीक करून शेवटी. तसंही हॅश हा शब्द चिरणं या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलाय, उरलंसुरलं बारीक चिरून संपवायचं हाच त्याचा मूळ धंदा, स्वीडनमध्ये पिट्टिपाना आणि डेन्मार्कमध्ये बिक्सेमाड पण याच घरातले. शेवटी खड्डे करून अंडी फोडायची, आच मंद, झाकण दोनच मिनिटं, आता थर बसलेला असतो त्यामुळे तेवढ्या वाफेने काही होत नाही.

रताळ्याचा प्रयोग मात्र जमला नाही. साखर जास्त म्हणून रंग पटकन येतो पण कडकपणा नाहीच, मऊच राहतं. चव छान होती, पण मला त्यात तो थर हवाय, पुढच्या वेळी अर्धं रताळं अर्धा बटाटा करून बघणार. त्याच्या पुढे अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचं रेड फ्लॅनेल हॅश, बीट घातलेलं लालभडक. बीट आधी भाजून कोरडं करायचं की उकडून, हे अजून ठरत नाहीये, कुणी केलं असेल तर सांगा.