होरसचं घोडं कुठे अडलं?

काल रात्री होरसच्या मिनिएचरचा पंजा रंगवताना पुन्हा तोच प्रश्न. वॉरहॅमर ४०,००० या मिनिएचरच्या युद्धखेळाच्या कथेत सम्राटाविरुद्ध उठलेल्या या बंडखोराकडे १८ पैकी ९ लीजन (सैन्यदलं), तरी हरला कसा? सगळे बोट दाखवतात ते त्याने शेवटी आपल्या जहाजाच्या संरक्षक ढाली उतरवून सम्राटाला आत येऊ दिलं त्याकडे. मला घोडं आधीच, इस्तवान ३ या ग्रहावर पेंड खाताना दिसतं. आपल्याच लीजनमधल्या सम्राटनिष्ठांवर त्याने वरून विषाणूबॉम्ब टाकले. काही जण तरीही वाचले. पुन्हा वरूनच मारा करायचा, तर त्याच्याच बाजूचा सेनापती अँग्रॉन कुऱ्हाडी परजत खाली उतरला (हा कुणाचं ऐकेल तर शपथ!) आणि लढाई महिनोनमहिने चिघळली. तिकडे बॉम्बफेकीच्या वेळीच आयझेनस्टाइन हे जहाज बंडाची बातमी घेऊन निसटलं होतं. टेराला (म्हणजे पृथ्वीला, सम्राटाच्या राजधानीला) तटबंदीसाठी वेळ मिळाला. पुढे टेराच्या वेढ्यात सम्राटनिष्ठ सेनापती गिलिमनची कुमक जवळ येत होती. ढाली उतरवायची घाई मला तरी तिथूनच आलेली वाटते.